भावासाठी फौजी सुरी: आधी त्याचा हात मोजा

बाये, तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. धाकटा भाऊ ट्रेनिंग पुरं करून पहिल्या पोस्टिंगवर ईशान्येला निघालाय, त्याआधी चवथीला गोव्यात साखळीला घरी येतोय आणि त्याला तू एक कॉम्बॅट नाइफ भेट देणार आहेस. दोन पाहून ठेवल्या आहेस. एक दहा इंची पात्याची, पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मुठीत होकायंत्र. दुसरी सात इंची, चामड्याच्या मुठीची. यातली कुठली, असं विचारतेस. मी चोवीस वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढली, त्यातली सहा ईशान्येत. मला विचारशील तर दोन्ही नकोत. कारण सांगतो, म्हणजे तिसरी तुलाच निवडता येईल.

आमच्या पेडण्यात वाड्यावर एक रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, होता. दिवसातून तीनदा माडावर चढायचा आणि काती नावाच्या वाकड्या सुरीनं पोयीचा, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याचा, पापुद्र्याएवढा काप काढायचा. ती काती तो सख्ख्या भावालाही देत नसे. कुणी मागितली तर घरातली कोयती पुढे करायचा. लहानपणी मला ते कद्रूपणाचं वाटे. पुढे कळलं की लोहारानं ती त्याच्या मनगटाच्या वळणाला जुळवून घडवली होती. दुसऱ्याच्या हाती ती पोय तरी फाडते नाहीतर बोट. फौजी सुरीचं गणितही हेच आहे. बाजार पातं दाखवून सुरी विकतो, पण आपण ती घ्यावी मुठीवरून.

जवानाची सुरी दिवसभर करते काय? रेशनचा डबा उघडते, दोरी कापते, बांबू सोलते, ताडपत्रीला भोक पाडते, कांदा चिरते. माझ्या सगळ्या नोकरीत मी सुरी याच कामांना वापरली. यातल्या एकालाही दहा इंच लागत नाहीत. साडेचार ते पाच इंच पुरतात, फार तर सहा. झाडी तोडायला तिथले लोक दाव नावाचा लांब कोयता वापरतात. ते वेगळं हत्यार आहे. त्याचं काम सुरीवर लादलं की सुरी मोडते.

पोकळ मुठीचं दुखणं असं, की पात्याचं पोलाद मुठीत जेमतेम बोटभर शिरलेलं असतं आणि सगळा जोर त्या सांध्यावर येतो. बांबूत रुतलेली सुरी बाजूला दाबली की ती तिथेच तुटते आणि तुटलेलं पातं कुठे उडेल याचा नेम नसतो. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं, त्याला फुल टँग म्हणतात. पाठीवरच्या त्या दात्यांनी लाकूड धड कापलं जात नाही. उलट सुरीच्या पाठीवर दांडक्यानं ठोकून लाकूड फोडायला गेलीस तर दाते दांडकं खातात आणि अंगठा पाठीवर टेकवायची सोयही जाते.

आता माझा डाव्या हाताचा किस्सा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंसाठी फेअरबर्न-साइक्स नावाची कट्यार निघाली, 1941 साली. बनवून घेणारे दोघेही आधी शांघायच्या पोलिसांत होते. बारीक, दोन्ही बाजूंनी धार, मूठ गोल. एकाच कामासाठी, भोसकण्यासाठी केलेली. तिच्या धर्तीची एक मी तरुणपणी हौसेनं विकत घेतली. मणिपूरच्या पावसात तिनं बांबू चिरत होतो. गोल मूठ ओल्या हातात फिरली, पातं आडवं झालं आणि डाव्या तर्जनीवरून गेलं. सहा टाके पडले. त्या बोटाचं पेर आजही पुरतं वाकत नाही. मूठ लंबगोल असती तर धार कुठल्या बाजूला आहे हे तळव्याला न बघता कळलं असतं. म्हणून तुला बजावून सांगतो, मूठ लंबगोल किंवा चपटी घे आणि धार एकाच बाजूला. पुढे बोट अडेल असा उंचवटाही हवा.

माप कसं घ्यायचं? भावाला न कळवता घेता येईल. तुमच्या घरी नारळ सोलायची कोयती असणार आणि ती बहुतेक तोच वापरत असणार. तिच्या मुठीवर घामानं काळवंडून गुळगुळीत झालेला पट्टा बघ. तेवढाच त्याच्या हाताचा खरा पंजा. त्याची लांबी मोज आणि तीत दीड-दोन सेंटिमीटर मिळव, म्हणजे सुरीच्या मुठीची लांबी मिळेल. मग त्याच जागी दोरा गुंडाळून घेर घे. कोयतीची मूठ जाड असते, सुरीचा घेर त्याहून थोडा कमी चालतो. घरी आल्यावर खात्री करायची झाली तर त्याला सुरीची मूठ आवळायला सांग. मधल्या बोटाचं टोक तळव्याला जेमतेम टेकलं पाहिजे. बोट तळव्यात रुतत असेल तर मूठ बारीक. तळव्यापासून लांब राहत असेल तर जाड, आणि जाड मुठीनं पंधरा मिनिटांत मनगट भरून येतं. तो डावखुरा आहे का, हे तू लिहिलं नाहीस. असेल तर म्यान दोन्ही बाजूंना लावता येणारं बघ.

चामड्याच्या मुठीच्या सुरीबद्दल मला आदर आहे. का-बार नावाची तशी सात इंची सुरी अमेरिकेच्या मरीन कोअरनं 1942 मध्ये घेतली आणि ती लढाईत टिकली. पण आपल्या आषाढात घरातल्या चपलांना बुरशी येते, तिथे चामड्याच्या चकत्यांची मूठ सांभाळणं म्हणजे रोजचं काम. ईशान्येतला पाऊस याहून कमी नाही. म्यान चामड्याचं असेल तर ते ओल धरून ठेवतं आणि पातं आतल्या आत गंजतं. फौजी माणसाला मिकार्टाची मूठ बरी, म्हणजे कापड आणि राळ दाबून केलेली. ओली झाली तरी घट्ट बसते. मऊ रबराची पकड छान असते, पण डासांसाठी लावतात त्या मलमातलं डीट काही रबरं आणि प्लास्टिक विरघळवतं. तिकडे ते मलम रोज लागतं.

पोलादाबाबत थोडक्यात. 1095 सारखं कार्बन पोलाद दणके सोसतं, दगडावर पटकन धार धरतं, पण त्यात क्रोमियम जवळजवळ नसतं, त्यामुळे खाऱ्या वाऱ्यात दोन दिवसांत ठिपके येतात. डी2 मध्ये क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास असलं तरी त्यातलं बरंच कार्बनशी बांधलेलं असतं, म्हणून तेही गंजतं. दुकानदार त्याला सर्रास स्टेनलेस म्हणतात. पहिली सुरी आहे, तर 14सी28एन किंवा 420एचसी यांपैकी एखादं स्टेनलेस पोलाद घे. कडकपणा रॉकवेल मापावर 56 ते 59 असला की बास. त्याहून कडक पातं धार जास्त दिवस धरतं खरं, पण टवके उडतात आणि चौकीवर बसून त्याला धार लावणं कठीण. पाठीची जाडी चार मिलिमीटर पुरे. सहाची सुरी पाचरीसारखी चालते, टोमॅटोसुद्धा चिरडते.

तुझ्या पैशांत फुल टँग चांगली मिळेना, तर स्वीडनच्या मोरा कंपनीची स्टेनलेस कंपॅनियन सुरी घ्यायला लाजू नकोस. पातं 104 मिलिमीटर, जाडी अडीच. टँग पूर्ण नाही, म्हणून तिच्यावर ठोकाठोकी करायची नाही, पण रोजची कामं ती मोठ्या नावाच्या सुऱ्यांइतकी करते. दिसायला फौजी नाही, हे मान्य.

कायद्याचंही बघ. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पातं, जर ते घरकाम, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी केलेलं नसेल तर, शस्त्रांच्या यादीत येतं आणि अधिसूचित भागात त्याला परवाना लागतो. तुझी दहा इंची तिथेच अडकते. सुट्टीत तो मित्रांबरोबर म्हादई किंवा नेत्रावळीच्या अभयारण्यात जाणार असेल तर सुरी घरी ठेवायला सांग. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 31 लेखी परवानगीशिवाय शस्त्र आत नेऊ देत नाही आणि त्या कायद्याच्या व्याख्येत सुरीही शस्त्रच आहे. मोपावरून विमानानं परत जाणार असेल तर सुरी गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत घाल, हातातल्या बॅगेत अजिबात नको. आणि देण्याआधी त्याला एवढं विचारायला लाव, की युनिटमध्ये स्वतःची सुरी ठेवायला परवानगी आहे का. तिथे साहेबांचा शब्द शेवटचा.

सुरीबरोबर एक धारेचा दगड दे, एका बाजूनं 400 आणि दुसऱ्या बाजूनं 1000 नंबरचा. हे विसरू नकोस, कारण बोथट सुरीला जोर जास्त लावावा लागतो आणि जोर लावताना ती घसरते. खंडेनवमीला घरी सुऱ्या-कोयत्या धुऊन तेलाचा हात देतो तसा दर आठवड्याला द्यायला सांग. खोबरेल चालतं.

आज संध्याकाळी त्या कोयतीला दोरा लाव. पट्ट्याची लांबी आणि घेर किती सेंटिमीटर भरला ते सांग, मुठीचा फोटोही टाक. मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जायचं की बाहेरून मागवायची ते बघू.