क्रोशाने छोटे प्राणी विणायचे आहेत, फक्त साखळी आणि सिंगल क्रोशे येतं. सुरुवात कशी करू?

साखळी आणि सिंगल क्रोशे (मुका खांब) येतंय म्हणताय ना, मग विणकाम म्हणून या खेळण्यांना जे लागतं त्यातलं जवळपास सगळं तुम्हाला येतंय. खरंच. हे प्राणी ९० टक्के सिंगल क्रोशेचेच असतात, वर फक्त टाके वाढवणं आणि कमी करणं. उरतं ते मोजणं, आणि शेवटी तुकडे जोडून चेहरा करणं. लोकांना वाटतं अवघड भाग विणण्याचा आहे, पण माझ्या मते विणणं सोपं आहे, अर्धवट पडलेले प्राणी सगळे जोडणीपाशी येऊन पडलेले असतात.

तुमचे चार प्रश्न आहेत: किट घ्यावं का, पहिला प्राणी कुठला, डोक्याला गोल येण्याऐवजी झालर का येते, आणि सव्वा वर्षाच्या भाचीला देणार तर काय बघायचं. झालरीचं आधी सांगते कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

सिंगल क्रोशेचा टाका साधारण जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. गोल विणताना प्रत्येक फेरीला तुम्ही एक टाका-उंचीने बाहेर सरकता, आणि शाळेतलं परिघाचं सूत्र आठवा, त्रिज्या एकने वाढली की परीघ २π म्हणजे सव्वासहाच्या आसपास वाढतो. म्हणून दर फेरीला ६ टाके वाढवले की चकती सपाट राहते. सहापेक्षा जास्त वाढवले की कडेला जागा उरत नाही आणि झालर पडते, कमी वाढवले की वाटी होते. तुमची झालर म्हणजे कुठेतरी टाके जास्त वाढतायत, बहुतेक फेरीचा पहिला टाका कुठला आणि शेवटचा कुठला हे हरवतंय आणि एक टाका दोनदा धरला जातोय. स्टिच मार्कर लावा, नसेल तर वेगळ्या रंगाच्या लोकरीचा तुकडा किंवा सेफ्टी पिन चालते, फेरीच्या पहिल्या टाक्यात अडकवायची आणि दर फेरीला वर न्यायची. या प्रकारात फेऱ्या बंद करत नाहीत, स्लिप स्टिच (फेरीची दोन टोकं जोडणारा टाका) वगैरे काही नाही, जिन्यासारखं गोल गोल वर जायचं, म्हणून मार्करशिवाय फेरी कुठे संपली ते डोळ्याला कळतच नाही.

आता गोळा. पहिली फेरी मॅजिक रिंगमध्ये (लोकरीचा फास, जो टोक ओढून मिटवता येतो) ६ टाके. मग प्रत्येक टाक्यात दोन, झाले १२. मग एक साधा एक वाढ, १८. दोन साधे एक वाढ, २४. तीन साधे एक वाढ, ३०. चार साधे एक वाढ, ३६. इथे वाढवणं थांबवायचं आणि सहाएक फेऱ्या नुसत्या ३६-३६ च्या विणायच्या, आपोआप भिंत उभी राहते. मग आलात त्याच वाटेने परत, चार साधे एक घट (दोन टाक्यांचा एक करणं) म्हणजे ३०, मग २४, १८ (इथे भरायला घ्यायचं), १२, ६, आणि बंद. झालं. हाच डोकं, हाच पोट, नुसत्या फेऱ्या जास्त घातल्या की लांबट अंग, ६ वरून १२ वर थांबलात की पाय, वाढ सावकाश केली की टोकदार शेपूट. प्राणी वेगळे दिसतात पण आत हेच असतं सगळं. पॅटर्नमध्ये हे "(१ सिंगल, १ वाढ) ६ वेळा, १८" असं लिहिलेलं असतं, शेवटचा आकडा म्हणजे फेरी संपल्यावर एकूण टाके किती व्हायला हवेत तो. तो आकडा दर फेरीला तपासा. कंटाळा येतो पण पाच फेऱ्या उसवण्यापेक्षा बरं.

मॅजिक रिंगचं एवढं भय घेऊ नका. जमली तर उत्तम कारण मधलं भोक दोरा ओढून पूर्ण मिटतं, नाही जमत तर २ साखळ्या घाला आणि हुकपासून दुसऱ्या साखळीत ६ सिंगल क्रोशे करा, एवढुसं भोक राहतं पण पहिल्या खेळण्याला कोण बघतंय. रिंग केलीत तर तिचं सुटं टोक आत नीट ओवून टाका, नुसतं कापलं तर ती रिंग नंतर सुटते आणि बरोबर डोक्यावरच भोक पडतं.

एक गोष्ट कोणी मुद्दाम सांगत नाही, ती म्हणजे सुलट-उलट बाजू. बाहेरच्या बाजूला टाके छान इंग्रजी व्ही अक्षरासारखे एकावर एक दिसायला हवेत, आतल्या बाजूला आडव्या रेघा दिसतात. पाचेक फेऱ्या झाल्या की तुकडा आपणहून वळायला लागतो आणि बऱ्याचदा उलट दिशेला वळतो, मग माणूस आतून विणत बसतो आणि म्हणतो माझे टाके फोटोसारखे का नाहीत. मोजे उलटतो तसा उलटून घ्या आणि उजव्या हाताने विणत असाल तर तुमच्याकडची जवळची कड उजवीकडून डावीकडे विणत जा, व्ही तुमच्याकडे तोंड करून. डावखुरे असाल तर सगळं आरशातलं, बरेच व्हिडिओ आडवे फ्लिप करून बघता येतात.

घट करताना नेहमीची पद्धत वापरली की तिथे गाठ आल्यासारखं दिसतं आणि शेजारी फट राहते. त्याऐवजी अदृश्य घट शिका, पाच मिनिटांचं काम आहे: पुढच्या टाक्याचा फक्त पुढचा धागा हुकवर घ्यायचा, मग लगेच त्याच्या पुढच्या टाक्याचा पुढचा धागा, आता हुकवर तीन धागे आहेत, लोकर घेऊन पहिल्या दोनांतून ओढायची, परत लोकर घेऊन उरलेल्या दोनांतून. खेळणं एकदम सफाईदार दिसायला लागतं.

किट. मी नाही घेणार. किटमध्ये लोकर बहुतेक वेळा मोजून मापून दिलेली असते आणि नवशिक्याला उसवायलाच जास्त लागते, हुकचा दांडा बारीक असतो आणि हात दुखतो, आणि प्राणी असा निवडलेला असतो जो डब्यावर गोड दिसेल, सोपा असेलच असं नाही. त्यापेक्षा सुटं घ्या: मध्यम जाडीची ॲक्रिलिक लोकर, लेबलवर लोकरीच्या गुंड्याच्या चित्रात ३ किंवा ४ आकडा असेल ती, फिक्या रंगाची आणि गुळगुळीत. काळी नको, गडद निळी नको, टाके दिसतच नाहीत, दिव्याखाली बसूनसुद्धा नाही. आणि कृपा करून ती मऊमऊ वेल्वेटची लोकर घेऊ नका, मला माहितीये सगळे सुंदर प्राणी त्याचेच दिसतात पण त्यात टाके बोटांनी चाचपडत शोधावे लागतात आणि उसवताना ती झडते. तिसऱ्या-चौथ्या प्राण्याला घ्या. सुती धाग्याचे टाके ॲक्रिलिकपेक्षा रेखीव येतात आणि वर बारीक गोळे फारसे येत नाहीत, पण तो ताणत नाही म्हणून हाताला कडक लागतो, घट्ट विणायची सवय असेल तर मनगट बोलायला लागतं.

हुक लेबलवर लिहिलाय त्यापेक्षा एक-दोन नंबर लहान घ्यायचा. लेबल म्हणतं ४ मिमी तर तुम्ही ३ किंवा साडेतीन. कारण लेबल स्वेटर-शालीचा विचार करून लिहिलेलं असतं, आपल्याला कापड झुळझुळीत नकोय, घट्ट हवंय, नाहीतर आतलं भरण टाक्यांच्या फटीतून डोकावतं. तरीही फटी दिसत असतील तर अजून एक नंबर खाली या, हात आवळून विणू नका. मूठ आवळून घट्टपणा आणायला गेलं की हुक टाक्यात शिरतच नाही आणि माणूस वैतागून सोडून देतो. अजून एक छोटी युक्ती, लोकर हुकवरून न घेता हुकच्या खाली ठेवून, हुक वरून नेऊन पकडून ओढली की टाका व्हीऐवजी फुलीसारखा दिसतो आणि थोडा लहान, घट्ट येतो. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एका प्राण्यात दोन्ही करू नका, डोकं आणि अंग वेगवेगळ्या मापाचं होतं.

पॅटर्न शोधताना अमिगुरुमी (अशा विणलेल्या छोट्या खेळण्यांचं नाव) असं शोधा, ढिगाने फुकट मिळतात. फक्त बघा की अमेरिकन आहे की ब्रिटिश. अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजेच ब्रिटिश डबल क्रोशे, टाका तोच. ब्रिटिश पॅटर्नमध्ये सिंगल क्रोशे हा शब्दच नसतो, त्यामुळे पॅटर्नमध्ये सिंगल दिसलं की अमेरिकन समजा, आणि खेळण्याचा पॅटर्न अथपासून इतिपर्यंत डबल क्रोशेच सांगत असेल तर तो जवळपास नक्की ब्रिटिश आहे, तुम्ही आपलं सिंगलच विणा.

पहिला प्राणी: ज्याचं डोकं आणि अंग एकच आहे असा. कोंबडीचं पिल्लू, देवमासा, मधमाशी, ऑक्टोपस. सगळ्यांना ससा किंवा टेडी हवा असतो, मलाही कळतं, पण सशाचे तुकडे मोजा, डोकं, अंग, दोन कान, दोन हात, दोन पाय, शेपूट, म्हणजे नऊ तुकडे आणि आठ जोडण्या. शिवाय छोटे हातपाय हे मोठ्या गोळ्यापेक्षा अवघड असतात, ८-९ टाक्यांच्या नळीत हुक फिरवायला जागाच नसते. देवमाशाला एक अंग, दोन पर, एक शेपूट, आणि पर सपाट असतात म्हणजे भरायचेही नाहीत. पोट पांढरं करायचं असेल तर रंग बदलताना जुन्या रंगाच्या शेवटच्या टाक्याचं शेवटचं ओढणं नव्या रंगाने करायचं, पुढच्या टाक्यापासून बदललं तर अर्धा टाका जुन्याच रंगाचा दिसतो. फेरीच्या सुरुवातीला रंगाची पायरी दिसेलच, गोल चढत विणतो म्हणून ती येणारच, ती पाठीमागच्या बाजूला ठेवायची आणि विसरून जायचं.

भरण पॉलिएस्टर फायबरचं घ्या. कापूस धुतल्यावर गोळे होतो आणि लवकर वाळत नाही. चिमूट चिमूट पिंजून भरायचं, आधी कडेला मग मध्ये, एकदम बोकाणा कोंबला की बाहेरून टेंगळं दिसतात. वाटतं त्यापेक्षा जास्त लागतं, मान तर टणक भरा नाहीतर डोकं लुळं पडतं. पण टाके ताणून आतलं पांढरं दिसायला लागलं की थांबा.

जोडणी. प्रत्येक तुकडा संपवताना निदान एक वीतभर लोकर सोडून कापा, त्याच लोकरीने जोडायचंय. आधी सगळे तुकडे टाचण्यांनी लावून प्राणी समोर ठेवा, लांबून बघा, मग शिवा. टाके मोजून दोन्ही हात अगदी समान जागी लावले तरी वाकडे दिसू शकतात, कारण गोल विणताना टाके दर फेरीला किंचित एका बाजूला सरकत जातात, उभी रेघ सरळ नसतेच. त्यामुळे इथे मोजणी सोडा, डोळ्यावर विश्वास ठेवा. (आख्ख्या प्रकारात ही एकच जागा जिथे मी मोजू नका म्हणेन.) शिवून झाल्यावर टाचण्या मोजून परत डबीत टाका, मुलाच्या हातात जायचंय ते. चेहऱ्याचं म्हणाल तर डोळे जरा खाली आणि जरा लांब लांब असले की प्राणी लहान बाळासारखा दिसतो, वर आणि जवळ आले की तोच प्राणी वयस्कर आणि रागावलेला दिसतो. ३६ टाक्यांच्या डोक्याला मधल्या फेरीच्या जरा खाली, पाच-सहा टाक्यांचं अंतर ठेवून बघा, मग आवडीने सरकवा.

आणि भाचीसाठी. प्लॅस्टिकचे जे डोळे मिळतात, मागे वॉशर खटकन बसतो ते, त्यांना सेफ्टी आईज म्हणतात पण तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ते लावू नका. वॉशर सहसा सुटत नाही, पण चावून ओढून आख्खा डोळा टाक्यांच्या फटीतून निघू शकतो आणि तो घशात अडकायच्याच मापाचा असतो. बटणं, मणी, घुंगरू, गळ्यातली रिबन, काहीच नको. काळ्या लोकरीने डोळे भरतकाम करून काढा, चारपाच आडवे टाके एकावर एक घातले की झाला डोळा, वर पांढऱ्याचा एक बारीक टाका घातला की चमक येते. डोकं बंद करायच्या आधी करा म्हणजे गाठी आत मारता येतात. जोडलेला प्रत्येक तुकडा दोनदा फिरवून शिवा आणि देण्याआधी स्वतः जोरात ओढून बघा, लाजू नका, ती तुमच्यापेक्षा जोरात ओढणार आहे. तोंडात जाणारच आहे तर देण्याआधी एकदा धुवून घ्या, गार पाण्यात साध्या साबणाने, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि वाळताना मधेमधे फिरवत ठेवायचं, बाहेरून कोरडं लागलं तरी आत ओल असते, म्हणून अजून एक दिवस तसंच राहू द्या.