सर्वो मोटर थरथरते, घुटमळते की हेलकावे खाते?

प्रश्न असा आहे: सर्वो ड्राइव्हच्या (मोटरला नेमक्या जागी, नेमक्या वेगाने चालवणाऱ्या नियंत्रकाच्या) माहितीपुस्तिकेचं मराठी करताना व्हायब्रेशन, ऑसिलेशन आणि हंटिंग या तिन्हींसाठी ‘कंपन’ लिहिलं तर चालेल का?

शीर्षकात चालेल, सूचनांमध्ये नाही. तिन्ही तक्रारींचे उपाय वेगळे आहेत. शब्द एकच ठेवला, तर वाचणारा भलतंच सेटिंग फिरवत बसेल.

मोटर कर्कश गुणगुणते आणि हाताला बारीक कंप जाणवतो, ती ‘थरथर’, म्हणजे व्हायब्रेशन. कपलिंग आणि शाफ्ट थोडे पिळले जातात, गेन (चूक दिसली की ड्राइव्ह किती जोराने दुरुस्त करतो ते प्रमाण) चढवलेला असला की त्यांची नैसर्गिक वारंवारता जागी होते. ही बहुधा शेकडो हर्ट्झमध्ये असते. गेन उतरवला की थांबते, पण प्रतिसादही सुस्तावतो. म्हणून नेमक्या त्या वारंवारतेवर नॉच फिल्टर, म्हणजे तेवढीच वारंवारता गाळणारी सोय, लावतात. ‘नॉच’ला ‘खाच’ करू नका, ड्राइव्हच्या मेनूत तो शब्द कुणाला सापडणार नाही.

हंटिंगचं ‘शिकार’ करणारे महाभागही आहेत. इथे मराठीत आयता शब्द आहे: घुटमळणे. मोटर ठरलेल्या जागी पोचते, पण स्वस्थ बसत नाही. स्थिर घर्षणामुळे किंचित अलीकडे अडकते, इंटिग्रल गेन (उरलेल्या चुकीची बेरीज करत राहणारं सेटिंग) जोर साठवत जातो, घर्षण सुटताच ती पलीकडे जाते, तिथे अडकते, पुन्हा तेच. ‘मोटर जागेवर घुटमळत असल्यास इंटिग्रल गेन कमी करा’ हे वाक्य कुणालाही कळेल.

तिसरे ‘हेलकावे’, म्हणजे ऑसिलेशन. मोटरने हलवलेला यंत्राचा लांब हात थांबल्यावर त्याचं टोक डुलत राहतं. एन्कोडर (जागा मोजणारा संवेदक) मोटरवर असेल तर त्याच्या लेखी सगळं जागच्या जागी असतं, त्यामुळे गेन वाढवून टोकाचं डुलणं जात नाही. आज्ञाच बदलावी लागते. टोक ५ हर्ट्झने डुलत असेल तर एका हेलकाव्याला ०.२ सेकंद लागतात. हालचालीची आज्ञा दोन सारख्या भागांत वाटून दुसरा भाग ०.१ सेकंद उशिरा दिला, की दुसऱ्याचा हेलकावा पहिल्याच्या नेमका उलट पडतो आणि दोन्ही एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात.

वेग सावकाश चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या एस आकाराच्या वेगवक्राने कमी होतो तो ‘जर्क’, म्हणजे त्वरण किती झपाट्याने बदलतं ते. त्याला ‘हिसका’ म्हणा. ‘झटका’ नको, विजेच्या यंत्राच्या पुस्तिकेत ‘झटका बसतो’ वाचून माणूस आधी मेन स्विच बंद करेल!

ऑसिलेशनसाठी ‘दोलन’ हा शब्द पाठ्यपुस्तकी असला तरी बरोबर आहे. ‘आंदोलन’ही शास्त्रात चुकीचं नाही, पण ‘मोटर आंदोलन करते’ म्हटलं की पुढचा प्रश्न मागण्यांचा येतो. डॅम्पिंगला, म्हणजे कंप शमवण्याला, परिभाषेत ‘अवमंदन’ म्हणतात. तक्त्यात तो ठेवा, वाक्यात मात्र ‘कंप जिरवणे’ लिहा.