डेथ नोट या जपानी अ‍ॅनिमेशन सिरीजमधला (अ‍ॅनिमे) डिटेक्टिव्ह एल खरंच जीनियस आहे की नुसता विचित्र दाखवलाय?

खरंच जीनियस आहे. त्याचं उकिडवं बसणं, अनवाणी फिरणं, सतत गोड खात राहणं हे सगळं काढून टाकलं तरी त्याच्या हुशारीत काही फरक पडत नाही. (पुढे स्पॉयलर आहेत, बघितलं नसेल तर इथेच थांबा.)

थोडक्यात स्टोरी अशी की लाईट यागामी या हुशार पोराला एक वही सापडते, चेहरा डोळ्यासमोर आणून तिच्यात नाव लिहिलं की तो माणूस ४० सेकंदात हार्ट अटॅकने मरतो. तो गुन्हेगारांना मारत सुटतो, लोक त्याला किरा म्हणायला लागतात आणि त्याला पकडायला एल येतो.

आता दुसराच एपिसोड बघा. टीव्हीवर एक माणूस येतो, मी एल आहे म्हणतो आणि किराला दुष्ट म्हणतो. लाईट भडकून त्याचं नाव लिहितो, तो तिथेच कोसळतो, आणि मग खऱ्या एलचा आवाज येतो की मेला तो फाशीचा कैदी होता, हिंमत असेल तर आता मला मार. लाईट काहीच करू शकत नाही. वर एल सांगतो की हे प्रसारण जगभर चालू असल्याचं सांगितलं होतं पण प्रत्यक्षात फक्त कांतो भागात दाखवलं. म्हणजे एका कार्यक्रमात किरा खरा आहे, लांबून मारतो, सगळ्यांनाच मारू शकत नाही आणि टोकियोच्या आसपास राहतो, एवढं सगळं हातात आलं. पण त्यासाठी एक माणूस आमिष म्हणून वापरला, कैदी असला तरी, आणि ते मला आजही खटकतं. एल काही धुतल्या तांदळासारखा नाही.

माझा सगळ्यात आवडता सीन मात्र युनिव्हर्सिटीच्या प्रवेश समारंभाचा. एल स्वतः लाईटच्या शेजारी येऊन बसतो आणि हळूच सांगतो, मी एल आहे. वरवर बघितलं तर हा वेडेपणा, पण विचार करा, आता एल मेला तर पहिला संशय लाईटवरच जाणार, म्हणजे ओळख सांगणं हीच त्याची ढाल झाली. त्यात त्याने नाव घेतलंय हिदेकी रयुगा, जे तिथल्या एका फेमस आयडॉलचं (पॉप स्टारचं) नाव आहे, त्यामुळे लाईटने ते लिहायला घेतलं आणि चेहरा आयडॉलचा आठवला तर भलताच माणूस मरायचा! त्या रात्री लाईट घरी येऊन अक्षरशः चडफडतो.

एलची खरी ताकद मला इथे दिसते, तो पुरावा शोधत फिरत नाही, समोरच्याला अशा जागी आणतो की तो काहीही करो, काही ना काही कळतंच. आणि हे त्याला जमतं कारण तो किराला आतून ओळखतो, एकदा तो स्वतःच म्हणतो की किरा पोरकट आहे, त्याला हार सहन होत नाही, आणि मीही तसाच आहे.

त्सुगुमी ओबाची कथा आणि ताकेशी ओबाताची चित्रं असलेली मूळ मांगा (जपानी कॉमिक) २००३ ते २००६ मध्ये आली, १०८ चॅप्टर आहेत. अ‍ॅनिमे ३७ एपिसोडचं आहे आणि एल २५व्या एपिसोडमध्ये मरतो, तेही लाईटच्या हातून नाही, रेम नावाच्या शिनिगामीला (मृत्यूदेवतेला) लाईट अशा पेचात पकडतो की तिला एलचं नाव लिहावंच लागतं. समोरासमोरच्या डोक्याच्या लढाईत एल हरला असं मी तरी मानत नाही. बघणार असाल तर जपानी आवाजातच बघा, काप्पेई यामागुचीने एलचा तो संथ, सपाट आवाज जबरदस्त दिलाय.