क्रूझवरून व्हॅलेटाला (माल्टा) एकच दिवस मिळतोय. गाइडेड टूर घ्यावी की स्वतः फिरावं?

फक्त व्हॅलेटा बघायचं असेल तर टूर घेऊ नका, स्वतःच फिरा. जुनं शहर जेमतेम एक किलोमीटर लांब आहे. धक्क्यावरून पाण्याच्या कडेने चालत गेलं की बराक्का लिफ्ट लागते. ती 58 मीटर वर थेट अप्पर बराक्का बागेत सोडते. तिथून दुपारी 12 ची तोफ बघा आणि मग सेंट जॉन्स को-कॅथेड्रल गाठा. तिकिटातच ऑडिओ गाइड मिळतो, त्यामुळे इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जोच्या 1608 मधल्या, संत जॉनच्या शिरच्छेदाच्या भल्यामोठ्या चित्रापुढे हवा तेवढा वेळ थांबता येतं. संत जॉनच्या मानेतून जमिनीवर ओघळलेल्या रक्तात चित्रकाराने सही केली आहे. ती नीट बघायला निवांतपणा लागतो आणि गटाबरोबर नेमका तोच मिळत नाही. (खांदे झाकणारे कपडे घाला, रविवारी कॅथेड्रल पर्यटकांना बंद असतं.)

मात्र मदिना (माल्टाची जुनी राजधानी) किंवा हाजर ईमची प्राचीन मंदिरंही त्याच दिवशी करायची असतील, तर जहाजाचीच टूर घ्या. माल्टात रस्त्यांवर फार गर्दी असते आणि बस उशिरा आली तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. जहाजाच्याच टूरवर गेलेल्या प्रवाशांसाठी मात्र सहसा थांबतं.