जेल वाळवण्यात कसले करिअर?

महोदय,

आपले पत्र मिळाले. एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पात आपल्या मुलीने तयार केलेले सिलिका जेल हवेत वाळताना दर वेळी तडकले, मार्गदर्शकांनी त्यावर सुपरक्रिटिकल ड्रायिंगचा, म्हणजे जेलमधला द्रव उच्च दाबाखाली द्रव-वायू हा भेदच नसलेल्या अवस्थेत नेऊन काढून टाकण्याचा, उपाय सांगितला आणि आता औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात मिळत असलेली नोकरी बाजूला ठेवून तिला याच विषयात पीएच.डी. करायची आहे, असे आपण लिहिले आहे. वाळवण्याच्या एका पद्धतीवर पोट भरेल का आणि इतक्या दाबाच्या उपकरणांपाशी काम करणे सुरक्षित आहे का, हे आपले दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

जेल का तडकले, तेथूनच सुरुवात करावी लागेल. जेलची छिद्रे काही नॅनोमीटरची असतात. १० नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रातून पाणी उडून जाऊ लागले की पृष्ठताणामुळे नाजूक भिंतींवर वातावरणीय दाबाच्या सुमारे १४० पट ओढ पडते आणि जाळी आतल्या आत कोसळते. द्रव व वायू यांना विभागणारा पृष्ठभागच निर्माण होऊ दिला नाही तर ही ओढ उरत नाही, हे अमेरिकेतील सॅम्युअल किसलर यांनी १९३१ मध्ये एरोजेल, म्हणजे आतल्या द्रवाची जागा हवेने घेतलेले अखंड जेल, बनवून दाखवले. आज बहुधा कार्बन डायऑक्साइड वापरतात, कारण त्याचे क्रांतिक तापमान ३१ अंश सेल्सिअस आणि क्रांतिक दाब सुमारे ७४ बार (१ बार म्हणजे जवळपास वातावरणीय दाब) आहे; या दोन्हींच्या वर द्रव आणि वायू असा भेद उरत नाही. इथेनॉलसाठी मात्र २४० अंशांच्या वर जावे लागते. पाणी द्रवरूप कार्बन डायऑक्साइडमध्ये नीट मिसळत नसल्यामुळे ते आधी इथेनॉलने आणि मग इथेनॉल कार्बन डायऑक्साइडने बदलावे लागते. जाडी दुप्पट झाली की या अदलाबदलीचा वेळ साधारण चौपट होतो. शेवटी तापमान ३१ अंशांच्या वर ठेवूनच दाब सावकाश उतरवायचा असतो. येथे घाई केली की महिनाभराचे काम वाया जाते.

सुरक्षिततेबाबत आपली काळजी निराधार नाही. स्वीडनमधील एका एरोजेल कारखान्यात १९८४ मध्ये मिथेनॉल या ज्वलनशील अल्कोहोलची गळती होऊन स्फोट झाला होता. कार्बन डायऑक्साइड पेट घेत नाही, परंतु बंद खोलीत साठल्यास तो गुदमरवतो. म्हणून प्रयोगशाळा पाहायला गेल्यावर तिने सेफ्टी व्हॉल्व्ह, खोलीतील वायुमापक आणि उपकरणाची शेवटची दाबचाचणी कधी झाली, हे विचारावे. असे प्रश्न विचारण्यात संकोच कसला?

करिअरविषयी माझे मत स्पष्ट आहे. तिने पीएच.डी. अवश्य करावी, मात्र विषय म्हणून पदार्थ निवडावा आणि वाळवण्याची पद्धत हे त्यातले हत्यार समजावे. स्थिर हवेहूनही कमी उष्णता वाहू देणारी सिलिका एरोजेलची आवरणे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या नळ्यांवर आणि विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांमध्ये वापरली जातात. ज्या धातू-सेंद्रिय जाळीदार पदार्थांसाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन व ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यांपैकी काही नाजूक पदार्थांच्या छिद्रांतला द्रव काढून ते रिकामे करतानाही हेच तंत्र उपयोगी पडते. उच्च दाबाचे पंप आणि पात्रे हाताळण्याचा अनुभव मसाल्यांचे अर्क काढणाऱ्या उद्योगातही चालतो. उलट, केवळ ‘सुपरक्रिटिकल ड्रायिंग’ एवढ्याच बळावर नोकरी शोधायला निघाल्यास आपल्याकडे जागा थोड्या सापडतील, कारण स्वस्त पडावे म्हणून एरोजेल उद्योग रासायनिक प्रक्रिया करून साध्या दाबाला वाळवण्याचा मार्गही धरतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सिलिका एरोजेलवर दीर्घकाळ संशोधन झालेले आहे. तेथील शोधनिबंध तिने आधी वाचावेत आणि दोन्ही पद्धतींची तुलना शिकून घ्यावी.

निर्णयापूर्वी एक प्रयोग शक्य आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक असलेल्या अनेक संस्थांत जैविक नमुने वाळवण्यासाठी ‘क्रिटिकल पॉइंट ड्रायर’ हे छोटे उपकरण असते. मार्गदर्शकांच्या पत्रासह विनंती करून तिने आपल्या जेलचा, आतले पाणी इथेनॉलने पूर्ण बदललेला, बोटाच्या पेरापेक्षाही लहान तुकडा तेथे वाळवून पाहावा. उपकरणाला काच असेल तर द्रवाची रेषा पुसट होत नाहीशी होताना दिसते. तुकडा अखंड निघाला तर प्रबंधात एक आलेख वाढेल. तडकला तर कोठे चुकले हे शोधण्यात तिला आठवडेच्या आठवडे रमता येते का, ते कळेल.

औषध कंपनीच्या नोकरीबाबत घरची गरज आपणच जाणता. वर्षभर ती नोकरी करून सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा अभ्यास करता येतो. त्यातून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात आणि महिला उमेदवारांना वयोमर्यादेत सवलतही आहे. फेलोशिप हाती नसताना, पैशांची खात्री नसलेल्या ठिकाणी पीएच.डी.ला नाव घालू नये, एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन.