'गोकाई'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: एका जपानी कथेचा अनुवाद चालू आहे. तीत एक मुलगा ओहोटीच्या वेळी नदीमुखाशी चिखल उकरून गळासाठी 'गोकाई' गोळा करतो. मराठीत 'समुद्री गांडूळ' लिहिले तर चालेल का? शिवाय माहिती शोधताना एकीकडे 'हेडिस्टे जापोनिका' आणि दुसरीकडे 'ओसिडॅक्स जापोनिकस' अशी लॅटिन नावे सापडली. दोन्ही जपानचीच, मग शेवट वेगळा का?

'समुद्री गांडूळ' टाळावे असे मला वाटते. दोघेही वलयांच्या शरीराचे, हे नाते खरे आहे. पण गांडुळाचे राठ केस इतके आखूड असतात की डोळ्यांना सहसा दिसतही नाहीत. गोकाईच्या जवळजवळ प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंनी पायासारखी मांसल पाळी असते आणि तिच्यातून केसांचे झुबके बाहेर आलेले असतात. जपानीत या सगळ्या वर्गाला 'तामोरुई' म्हणतात, म्हणजे पुष्कळ केसांचे. गोकाईला चार डोळे असतात, मिश्यांसारखे स्पर्शक असतात आणि तो घसा आतून उलटा करून बाहेर काढतो. त्या घशाच्या टोकाला काळपट, आकड्यासारखे दोन जबडे असतात. गळाला लावताना तो बोटाला चावू शकतो. तुमच्या कथेतल्या मुलाला हे नक्की ठाऊक असणार. 'गांडूळ' म्हटले की हा चावा वाचकाच्या मनात येतच नाही. 'नेरीस' हा अशा किड्यांसाठीचा शास्त्रीय शब्द प्राणिशास्त्र शिकलेल्यांच्या ओळखीचा, पण चिखल उकरणाऱ्या मुलाच्या तोंडी तो बसत नाही. मी 'गोकाई' तसाच ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे वाक्याच्या ओघातच 'चिखलातला केसाळ किडा' एवढे सांगून पुढे जाईन. मूळ मजकुरात हा शब्द कांजीत, म्हणजे चिनी अक्षरांत असेल तर आणखी एक काळजी घ्या. त्या दोन अक्षरांचा शब्दशः अर्थ 'वाळूतला रेशीमकिडा' असा होतो. तो उतरवायचा नसतो, वाचायचे 'गोकाई'च.

आता गोकाई म्हणजे नेमका कोणता प्राणी, याचे उत्तर २००३ च्या आधी आणि नंतर वेगळे आहे. माझ्या मते या शब्दाची खरी गंमत इथेच आहे. जपानमध्ये प्राण्याला लॅटिन नावाखेरीज एक प्रमाण जपानी नावही असते. त्याला 'वामेई' म्हणतात आणि ते काताकाना या जपानी लिपीत लिहितात. लॅटिन नावाला आंतरराष्ट्रीय नियमसंहिता लागू होते, वामेई मात्र अभ्यासकांच्या सहमतीने आणि वापराने ठरते. प्राणिशास्त्रज्ञ अकिरा इझुका यांनी १९०८ मध्ये नदीमुखातल्या एका किड्याला 'नेरीस जापोनिका' हे नाव दिले आणि पुढे कित्येक दशके त्याचे वामेई कुठल्याही विशेषणाशिवाय नुसते 'गोकाई' होते. जपानभरच्या नदीमुखांत सापडतो तो हाच, असे धरले जाई. पण सगळीकडची अंडी सारख्या आकाराची नव्हती. कागोशिमा विद्यापीठाचे मासानोरी सातो यांनी हा धागा धरून ठेवला आणि २००३ मध्ये नाकाशिमा यांच्यासह दाखवून दिले की ही एक जात नसून तीन आहेत.

त्या तिघांची जपानी नावे पाहा: आरिआके-कावागोकाई, यामातो-कावागोकाई, हिमे-यामातो-कावागोकाई. जपानी नाव मागून पुढे वाचत गेले की उलगडते. शेवटी कूळ, म्हणजे गोकाई. 'कावा' म्हणजे नदी, त्यावरून प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट. पुढे ठिकाण किंवा गुण. आरिआके ही क्यूशूमधली खाडी, यामातो हे जपानचे जुने नाव. 'हिमे' म्हणजे राजकन्या, पण प्राण्यांच्या नावात त्याचा अर्थ 'लहान चणीचा'. लॅटिन नावांनी वेगळीच गोष्ट टिपली आहे. 'डायाड्रोमा'ला (यामातो) नदी आणि समुद्र यांच्यातल्या ये-जा करण्यावरून नाव मिळाले. 'अटोका' (हिमे-यामातो) विणीच्या वेळी पोहणारे वेगळे रूप धारण करत नाही, म्हणून ते नाव. 'जापोनिका' हे जुने नाव आरिआकेवाल्याकडे राहिले. जपानभर पसरलेला समजला जाणारा 'जापोनिका' आता जपानात आरिआकेच्या आतल्या भागापुरताच उरला, आणि तिथल्या इसाहाया उपखाडीचा आतला भाग तर १९९७ मध्येच बांध घालून बंद केला होता. सगळे एकच मानले जात होते तोवर याची काळजी कुणाला वाटण्याचे कारण नव्हते. जुन्या पुस्तकात 'गोकाई विपुल आहे' असे वाचले, तर ते या तिघांपैकी कोणाबद्दल आहे हे आधी विचारावे लागते.

म्हणजे नुसते 'गोकाई' हे आज कुठल्याच एका जातीचे नाव नाही. कुळाच्या नावात आणि रोजच्या बोलण्यात ते आहे. कथा अलीकडची असेल आणि मुलगा आमिष दुकानातून आणत असेल, तर शब्द बहुधा 'आओइसोमे' येईल. चीन-कोरियाकडून येणारे हे आमिष बाजारात 'इसोमे' म्हणून विकले जाते, जे खरे तर दुसऱ्याच कुळाचे नाव आहे. आमिष मात्र गोकाई कुळातले आहे, म्हणून अभ्यासक त्याला 'आओगोकाई' म्हणतात. या वर्गातली बाकीची नावेही अनुवादकाने चाखावीत अशी आहेत. 'उमिकेमुशी' म्हणजे सरळ 'समुद्री सुरवंट'. त्याचे केसही टोचून आग करतात, त्यामुळे इथे मराठी शब्द चपखल बसतो. 'केयारीमुशी'चे नाव सरदारांच्या मिरवणुकीत मिरवल्या जाणाऱ्या पिसारेवाल्या भाल्यावरून आले आहे.

'जापोनिका' आणि 'जापोनिकस' यांच्या शेवटाच्या फरकाचे कारण व्याकरणात आहे. 'जापोनिकस' हे विशेषण आहे आणि ते प्रजातीच्या नावाच्या लिंगाप्रमाणे चालते, जसे आपण काळा घोडा, काळी घोडी म्हणतो. हेडिस्टे स्त्रीलिंगी म्हणून जापोनिका. ओसिडॅक्स पुल्लिंगी म्हणून जापोनिकस. (हा देवमाशाच्या हाडांवर जगतो. कागोशिमातल्या नोमा भूशिराजवळच्या समुद्रातून तो २००६ मध्ये नोंदला गेला. त्याचे वामेई 'होनेकुइहानामुशी', म्हणजे हाडे खाणारा फूलकिडा.) विशेषण नसेल तर शेवट बदलत नाही. इझुकांनी १९०३ मध्ये ओसावा यांच्या नावावरून ठेवलेले 'ओसावाई' षष्ठीत आहे. तो किडा पुढे सेराटोसेफाले प्रजातीतून टायलोरिंकसमध्ये गेला, तरी 'ओसावाई' तसेच राहिले. १९०७ मध्ये त्यांनी मार्फिसा प्रजातीतल्या एका किड्याला 'इवामुशी' हे नाव दिले. तो तर कोळ्यांचा जपानी शब्दच, 'खडकातला किडा'. नाम असल्याने त्यालाही लिंगाचा विकार होत नाही.

तळटीप देणार असाल तर कंसांकडे लक्ष ठेवा. 'हेडिस्टे जापोनिका (इझुका, १९०८)' यातला कंस सांगतो की इझुकांनी ही जात दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती. 'हेडिस्टे डायाड्रोमा सातो आणि नाकाशिमा, २००३' इथे कंस येत नाही, कारण ती पहिल्यापासून हेडिस्टेतच आहे. तळटीपेत कोणते नाव द्यायचे ते कथेच्या किनाऱ्यावर अवलंबून आहे. ती आरिआकेच्या आतल्या चिखलात घडत असेल तर 'जापोनिका'चा उल्लेख करता येईल. किनारा सांगितलेला नसेल तर लॅटिन नाव देऊच नका, 'गोकाई' पुरे.