जुन्या मारुती एस्टीमचा वॉटर पंप घरी बदलता येईल का?
हो येईल, पण अख्खा रविवार धरून चाला, कारण या १.३ लिटरच्या इंजिनात पंप काढायचा तर टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा (क्रँक) आणि व्हॉल्व्ह उघडणारा दांडा एका तालात फिरवणारा पट्टा, उतरवावाच लागतो, मी माझ्या गाडीचा असाच बदललाय. पंपाच्या शाफ्टखाली बारीक भोक असतं, तिथून पाणी गळत असेल तर आतलं सील गेलंय, मग एम-सील फासत बसू नका, पंपच नवा टाका. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कूलंट काढा, बेल्ट सोडायच्या आधी पुलींवरच्या टायमिंगच्या खुणा इंजिनावरच्या खुणांशी जुळवा आणि पंप आणि इंजिनामधलं जुनं पॅकिंग (गॅस्केट) नीट खरवडा (सगळे इथेच घाई करतात). सगळं बसवल्यावर क्रँक पान्याने २ वेळा फिरवून खुणा परत बघा. टायमिंगला कधी हात लावला नसेल तर मात्र ओळखीचा मेकॅनिक शेजारी उभा करा.